हेलनचा करारनामा : ॲन ब्राँटे यांच्या कादंबरीतील पत्नी आणि पाळक

कादंबरी हा धर्मगुरूच्या अभ्यासिकेतील विषय नव्हे. फार तर आगगाडीच्या प्रवासात ती वाचावी, असा समज आपल्या वर्गात अद्यापि आढळतो. परंतु स्त्रिया ज्या गोष्टी आपल्या पाळकापाशी सहसा बोलत नाहीत, त्या काही लेखिकांनी कादंबरीत लिहून ठेविल्या आहेत, आणि त्यांपैकी एक तर पाळकाचीच कन्या होती. यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथील पाळक पॅट्रिक ब्राँटे यांची सर्वांत धाकटी कन्या ॲन हिने १८४८ साली ‘द टेनन्ट ऑफ वाइल्डफेल हॉल’ ही कादंबरी ‘ॲक्टन बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ती निवर्तली. थोरली बहीण शार्लट हिला या कादंबरीचा विषयच रुचला नव्हता. ॲनच्या मृत्यूनंतर ती पुन्हा छापण्यास तिने अनुकूलता दाखविली नाही. ‘जेन एअर’ सर्वांस ठाऊक आणि ही मात्र मागे पडली, त्याचे हे एक कारण होय.

कथा १८२०च्या दशकातील आहे. हेलन ही श्रद्धाळू, सुशिक्षित तरुणी आर्थर हंटिंग्डन या देखण्या व विलासी पुरुषाशी विवाह करते. मावशी तिला सावध करते. परंतु आपल्या प्रेमाने व प्रार्थनेने हा मनुष्य सुधारेल, अशी हेलनची दृढ आशा असते. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हेलनची चूक अधर्मातून नव्हे, धर्मभावनेतूनच उपजली आहे. ‘लग्न झाले म्हणजे ताळ्यावर येईल’ या भरवशावर ठरलेले विवाह आपणही वेदीसमोर लावले आहेत.

हंटिंग्डन मद्यपी निघतो, दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवतो, आणि लहानग्या मुलाला दारू पिण्यास व शिव्या देण्यास शिकवून मित्रांसह हसतो. हेलन स्वतःसाठी सारे सोसते. मुलाची ही दशा पाहिल्यावर मात्र ती निघून जाण्याचे ठरविते. नवरा तिची रोजनिशी वाचतो, बेत ओळखतो आणि तिचे चित्रकलेचे साहित्य आगीत टाकतो, कारण तेच तिच्या उपजीविकेचे साधन होणार होते. अखेर ती मुलाला व रेचल या जुन्या दासीला घेऊन पळते, वाइल्डफेल हॉल या ओसाड वाड्यात खोट्या नावाने राहते आणि चित्रे विकून पोट भरते. समोर दिसणाऱ्या वाड्याचे चित्र काढून त्याखाली ती दूरच्या कंबरलँडमधील भलत्याच ठिकाणाचे नाव घालते; न जाणो, चित्रावरून पत्ता लागायचा!

त्या गावी मिलवर्ड नावाचे पाळक आहेत. ते दुर्जन नव्हेत. स्वतःच्या मतांवर मात्र त्यांचा अढळ विश्वास आहे. हेलनविषयीच्या कंड्या ते खऱ्या मानतात आणि तिच्या घरी जाऊन तिला उपदेश करून येतात. पुढे खरी हकीकत कळल्यावरही त्यांचा निर्णय असा की, पतीचे घर सोडून तिने पत्नीधर्माचा भंगच केला. गंभीर मारहाणीवाचून अशा कृत्यास क्षमा नाही, आणि मारहाण झाली तरी तिने कायद्याचा आसरा घ्यावयास हवा होता.

पण त्या काळी कायदा कोणता होता? विवाहित स्त्रीची कमाई पतीची मानली जाई; ती पत्नीच्या स्वतःच्या मालकीची ठरली १८७०च्या कायद्याने. मुलांचा ताबा पित्याचा. सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली ती १८३९ साली. म्हणजे हेलनने विकलेले प्रत्येक चित्र आणि तिच्या कडेवरचे मूल, दोन्ही कायद्याने हंटिंग्डनचीच होती. मिलवर्डसाहेबांनी जे दार दाखविले, ते भिंतीवर रंगविलेले दार होते.

ही गोष्ट केवळ इंग्लंडची म्हणून सोडून देता येत नाही. १८५७ साली तेथे घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम आणखी अपराध सिद्ध करावा लागे. त्याच धर्तीवर १८६९चा भारतीय घटस्फोट कायदा येथील ख्रिस्ती लोकांसाठी झाला आणि तो भेद २००१च्या दुरुस्तीपर्यंत टिकला. (गोव्यातील कौटुंबिक कायद्याची परंपरा निराळी; ती येथे बाजूस ठेवतो.) कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर १५३ वर्षे! इतकी वर्षे आपल्या मंडळीतील एखादी हेलन पाळकाकडे येऊन ‘सोस, प्रार्थना कर’ एवढेच ऐकून परत गेली असेल, तर तिच्यामागे दुसरे दार बहुधा उघडे नव्हतेच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे बाविसावे वचन आपण तिला ऐकविले. परस्परांच्या अधीन होण्याविषयीचे एकविसावे तिच्या नवऱ्याला ऐकविले काय?

शार्लटच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) हाच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात येतो. सेंट जॉन रिव्हर्स हा निष्कलंक पाळक मिशनरी म्हणून हिंदुस्थानात येऊ पाहतो, जेनला हिंदुस्थानी भाषा शिकवितो आणि तिला मागणी घालतो. प्रेमापोटी नव्हे, तर ती कामास उपयोगी म्हणून. सहकारी म्हणून येण्यास जेन सिद्ध असते, पत्नी म्हणून नाही. तेव्हा हा नकार मला नसून देवाला आहे, असे तो तिच्या मनावर ठसवू पाहतो. हंटिंग्डनचा जुलूम कोणासही ओळखता येईल. सेंट जॉनचा ओळखणे आपल्या वर्गाला अवघड, कारण त्याची भाषा आपलीच आहे.

हेलनला बंडखोर म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी कादंबरीचा उत्तरार्ध अवश्य वाचावा. हंटिंग्डन घोड्यावरून पडून अंथरुणास खिळल्याचे कळताच, कोणी न बोलाविता ती त्याच्या शुश्रूषेस परत जाते. त्याला मरणाची भीती वाटते. ती त्याला पश्चात्तापाचा मार्ग दाखविते, तो शेवटपर्यंत तिचाच हात धरू पाहतो, आणि तरीही त्याच्या आत्म्याविषयीची आशा ती सोडीत नाही. परंतु आल्यावर, तो मुलाला पाहू इच्छितो तेव्हा, ती आधी एक कागद पुढे करते : मूल सर्वस्वी आईच्याच स्वाधीन राहील. त्यावर ती त्याची सही घेते, रेचलला साक्षीस ठेवते, आणि मगच मुलाला त्याच्याजवळ आणते.