शिसारी, बाधा आणि पोटाची स्मृती

बासुंदी खाल्ल्यावर रात्रभर उलट्या झाल्या, की पुढे कित्येक वर्षे आटवलेल्या दुधाच्या नुसत्या वासानेही मळमळते. पदार्थ ताजा असतो, घरचा असतो, एके काळी आवडतही असे. तरी घास घशाखाली उतरत नाही. घरात याला नखरे म्हणतात, आणि खाणारा लहान असेल तर पाठीत धपाटाही बसतो. मनावर घेतले की शिसारी जाते, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे.

शिसारी कोणी ठरवून बसवून घेत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिन घातलेले गोड पाणी पाजले आणि त्याच वेळी त्यांच्यावर गॅमा किरण सोडले. किरणांनी उंदीर आजारी पडले आणि नंतर त्यांनी गोड पाण्याकडे पाठ फिरवली. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी आणखी नेमका प्रयोग केला. उंदीर पाणी पीत असताना त्या पाण्याला चवही होती, शिवाय प्रत्येक घोटाला दिवा लागे आणि आवाज होई. ज्यांना आजारी पाडले, त्यांनी नंतर ती चव टाळली; ज्यांना विजेचा धक्का दिला, त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. पोटातल्या दुखण्याचा दोष मेंदू चवीच्याच माथी मारतो, हे यातून दिसले. असे शिकायला बहुधा एकच अनुभव पुरतो, आणि खाणे व मळमळ यांत काही तास गेले तरी दोन्हींची सांगड बसते. उंदराला तर उलटी करताच येत नाही, त्यामुळे विषारी चव पुन्हा तोंडी न लावणे हाच त्याचा बचाव. माणसाच्या शिसारीमागे हीच जुनी राखण आहे. तिला नाटक म्हणणे अन्यायाचे आहे, आणि बळजबरीने भरवणे तर उलट फळ देते: घास, रडणे आणि मळमळ यांची गाठ आणखी घट्ट होते.

मात्र राखण प्रामाणिक असली, तरी तिने पकडलेला चोर खरा असेलच असे नाही. ज्याची शिसारी बसली तोच पदार्थ बाधला होता, हा दुसरा गैरसमज. अमेरिकेत इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांना औषधापूर्वी एका अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिले. मळमळ औषधाने झाली, आइस्क्रीम निर्दोष होते. तरी पुढे त्या मुलांपैकी फार थोड्यांनी ते पुन्हा निवडले. ओळखीच्या पदार्थापेक्षा नव्या चवीवर आळ लवकर येतो. याचाच उपयोग करून पुढे जेवण आणि औषध यांच्या मध्ये मुलांना वेगळ्याच चवीची गोळी चघळायला देऊन पाहिली. शिसारी त्या गोळीवर गेली आणि रोजचे जेवण बऱ्याच अंशी वाचले.

घरोघरी होणारी चूक याच जातीची आहे. पोट बिघडले की शेवटचे जेवण आठवते. पण नोरोव्हायरसची लक्षणे साधारण १२ ते ४८ तासांनी दिसतात, कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूची बहुधा २ ते ५ दिवसांनी. म्हणजे रविवारी लग्नात जेवून सोमवारी जुलाब लागले, तरी कारण शुक्रवारच्या पाण्यात असू शकते. उलट काही बाधा तासा-दोन तासांतही होतात. रात्री ओट्यावर उघडा राहिलेला भात हे त्याचे घरगुती उदाहरण. त्यात बॅसिलस सेरियस वाढला आणि त्याचे उलटी आणणारे विष तयार झाले, तर सकाळी खमंग फोडणी देऊनही ते नष्ट होत नाही. अशा वेळी शिसारी फोडणीच्या भाताची बसते, दोष मात्र तो रात्रभर बाहेर राहण्याचा असतो. भात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवला असता, तर हा प्रसंग सहसा आला नसता.

जुलाब थांबले म्हणजे पोट पूर्ववत झाले, असेही धरून चालतात. आतड्याच्या अस्तराला इजा झाली, की दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर काही दिवस, कधी काही आठवडे कमी पडते. त्या काळात दुधाने पोट फुगते. दही बहुतेकांना सोसते. यावरून दूध कायमचे बंद करण्याचे कारण नसते. काहींचा त्रास मात्र खरोखर लांबतो. संसर्गजन्य जुलाबांनंतर दहांतल्या सुमारे एकाला आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार, म्हणजे आयबीएस, जडतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये नळाचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. आठ वर्षांनंतरही त्या आजाऱ्यांत या विकाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आढळले.

अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य हमखास ऐकावे लागते. रिपोर्ट निर्दोष असूनही दुखणे खरे असू शकते. आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत, इतरांना जेमतेम जाणवणारा ताण यांतल्या अनेकांना दुखतो. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी यामागची एक वाट दाखवली. आतड्याला संसर्ग झालेला असताना उंदरांना अंड्यातले एक प्रथिन खायला दिले होते. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले, तेव्हा आतड्यातल्या मास्ट पेशींनी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडली आणि वेदनेच्या नसा चेतवल्या. रक्तात अ‍ॅलर्जीची खूण नव्हती. सारा प्रकार आतड्यापुरताच होता. ताणतणावाने दुखणे वाढते, हेही खरेच. ‘आता पुन्हा दुखणार’ या धास्तीने आतड्याची हालचाल बदलते आणि वेदनेकडे लक्ष एकवटते. तरीही त्याचा अर्थ रुग्ण कल्पना करतो असा होत नाही.

एकदा बाधले ते आयुष्यभर वर्ज्य, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. आधी दूध जाते, मग डाळी, मग गहू, कांदा, लसूण. पानात मऊ भात तेवढा उरतो आणि वजन उतरू लागते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आयबीएससाठी जे पथ्य विकसित केले, त्यात गहू, कांदा, लसूण, कडधान्ये अशा पदार्थांवरची बंदी २ ते ६ आठवड्यांचीच असते. त्यानंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणून कोणता किती सोसतो, हे पाहणे हा पथ्याचाच भाग आहे. शक्यतो हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. लसणातली त्रास देणारी शर्करा पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून तेलात अख्ख्या पाकळ्या परतून त्या काढून टाकल्या आणि त्याच तेलाची फोडणी दिली, तर वास राहतो आणि त्रास टळतो. शिसारीही अशीच उतरते: मळमळ नसताना, भूक असताना, इवलासा घास, जमल्यास वेगळ्या रूपात. बासुंदीऐवजी आधी खिरीचा एखादा चमचा चालतो.

हा सराव खऱ्या अ‍ॅलर्जीला मात्र लागू नाही. शेंगदाणे, कोळंबी, अंडे अशा पदार्थाने अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास कोंडणे असे झाले असेल, तर घरी थोडे खाऊन पाहणे जिवावर बेतू शकते. तसेच शौचात रक्त, झोपेतून उठवणारी पोटदुखी, गिळताना अडकणे, ताप किंवा कारणाशिवाय घटणारे वजन यांपैकी काही असेल, तर ती शिसारी किंवा आयबीएस असे घरीच न ठरवता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते.