बासेंजी : काँगोच्या अरण्यातील मानी शिकारी

इतुरीचे अरण्य इतके निबिड आहे की दहा-पंधरा पावलांवरचे जनावरही नजरेस पडत नाही. अशा मुलखात झाडाझाडांमधून वाघूर ताणून दबा धरलेल्या म्बुती शिकाऱ्याला सावज कोणत्या अंगाने येत आहे हे कळते ते एका पोकळ लाकडी घंटेच्या खडखडाटावरून. ही घंटा कुत्र्याच्या गळ्यात असते. कुत्रा मुकाट्याने माग काढतो, सावज उठवतो, जाळ्याकडे पिटाळतो. आणि आपल्याकडचा कुत्रा जी वर्दी तोंडाने देतो ती त्याच्या गळ्यातील लाकूड देते. गेओर्ग श्वाइनफुर्ट हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८७० च्या सुमारास अझांदे लोकांच्या मुलखात हिंडत असता त्यानेही वळलेल्या शेपटीची आणि गळ्यात लाकडी घंटा बांधलेली ही लहानखुरी कुत्री पाहिली व त्यांची नोंद करून ठेवली.

खांद्यापाशी जेमतेम १७ इंच उंच आणि वजनाने ११ किलोच्या आसपास असा हा प्राणी. पाय लांब व सडसडीत, केस आखूड व तुळतुळीत, शेपटीची गुंडाळी कमरेवर घट्ट बसवलेली, आणि कान टवकारताच कपाळावर अशा सुरकुत्या उमटतात की एखाद्या कारकुनापुढे हिशेबाची न जुळणारी वही उघडली आहे असे वाटावे. अंग तो स्वतः चाटून स्वच्छ ठेवतो. तो मुका आहे ही मात्र लोकवार्ता होय. त्याच्या स्वरयंत्राची ठेवण निराळी असल्याने सलग भुंकणे त्याला साधत नाही, परंतु तो गुरगुरतो, विव्हळतो, प्रसंगी एखाद-दुसऱ्या वेळी भुंकतोही, आणि खुशीत आला म्हणजे गळ्यातल्या गळ्यात आळवलेला एक विलक्षण हेल काढतो. बहुतेक कुत्र्यांच्या माद्या वर्षातून दोनदा माजावर येतात, बासेंजीची मादी एकदाच. लांडग्याच्या मादीचाही शिरस्ता हाच, आणि प्रौढ लांडगाही क्वचितच भुंकतो. म्हणजे ज्याला आपण या कुत्र्याचे वैचित्र्य म्हणतो ती बहुधा श्वानजातीची जुनी रीतच असावी, आणि बदलली असतील ती इतर कुत्री. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचाच्या अभ्यासातही त्याची शाखा श्वानवंशाच्या अगदी बुंध्याशी पडते. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांतील वळलेल्या शेपटीची कुत्री ती हीच, असे त्याचे चाहते मोठ्या अभिमानाने सांगतात. पण भिंतीवर रंगवलेली शेपटी वारसाहक्काचा दाखला म्हणून रुजू करून घेता येत नाही.

युरोपात त्याला आणण्याचा इतिहास बराचसा मृत्यूचाच आहे. १८९५ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आलेली जोडी डिस्टेंपरने दगावली; १९२३ मध्ये लेडी हेलन नटिंग यांनी सुदानहून आणलेली सहा कुत्री त्याच रोगाच्या लसीने गेली. ऑलिव्हिया बर्न यांची कुत्री तेवढी जगली आणि १९३७ च्या प्रदर्शनात त्यांच्याभोवती बघ्यांची झुंबड उडाली. पुढे व्हेरोनिका ट्यूडर-विल्यम्स यांनी हा वंश हयातभर जतन केला व त्यात ताजे रक्त यावे म्हणून १९५९ मध्ये दक्षिण सुदानपर्यंत जाऊन फुला नावाची मादी आणली. अमेरिकेच्या केनेल क्लबाने १९४३ मध्ये जातीला मान्यता दिली खरी, परंतु मूळ कुत्री मोजकी आणि वंशावळीचे दफ्तर बंद, यामुळे फॅन्कोनी हा मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार बळावला. अखेर १९८७-८८ मध्ये काही पैदासकार झाईरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, रानात उतरले, आणि त्यांनी आणलेल्या कुत्र्यांसाठी १९९० मध्ये ते दफ्तर पुन्हा उघडावे लागले.

स्वभावाविषयी बोलावयाचे तर, १९९४ मध्ये स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या बुद्धीची जी प्रतवारी लावली तीत बासेंजी शेवटून दुसरा आला. प्रस्तुत लेखकास ही प्रतवारी बुद्धीची नसून ताबेदारीची वाटते. मालकाच्या नजरेआड, स्वतःच्या निर्णयाने सावज हुसकावणे हीच ज्याची पिढीजात चाकरी, त्याने 'बैस' म्हणताच बसावे ही अपेक्षाच चुकीची. हुकूम त्याला समजतो, परंतु तो अमलात आणण्यापूर्वी त्यात आपला काय लाभ याची तो खातरजमा करून घेतो. परक्याशी अलिप्त, घरच्यांशी जिव्हाळ्याचा. एकटा कोंडला तर चपलांपासून गादीपर्यंत सर्वांचा निकाल लावणारा. कुंपण चढून जाण्यात पटाईत. आणि पळते जनावर दिसले की मागच्या हाकांस बहिरा.

म्हणून ज्यास राखणदार किंवा आज्ञाधारक सेवक हवा असेल त्याने याच्या वाटेस जाऊ नये. ज्यास तरीही हाच हवा असेल त्याने २०११ पासून उपलब्ध असलेल्या फॅन्कोनीच्या जनुकीय चाचणीचा कागद प्रथम मागून पाहावा, आणि रहदारीच्या रस्त्यावर त्याची साखळी कधीही सोडू नये.