मुले टोळीच्या वाटेला का लागतात?

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत केवळ आनंदाचे व अभिमानाचेच विषय यावेत, असे पुष्कळांस वाटेल आणि ते साहजिकही आहे. परंतु ज्या संस्थेने आपल्या मुलांच्या कल्याणाचे काम अंगावर घेतले आहे, तिने एका अप्रिय विषयाकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या मनात हा प्रश्न असतो. पण तो मोठ्याने कोणी विचारीत नाही. चांगल्या, कष्टाळू घरातील मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी नाक्यावरच्या टोळक्यात बसू लागतो व पुढे टोळीचाच होऊन जातो, हे का घडते?

या प्रश्नाची ठराविक उत्तरे आपण नेहमी ऐकतो. संगत वाईट, सिनेमे वाईट, हल्लीच्या मोबाइलवरील चित्रे वाईट. यांत तथ्यांश नाही असे नाही. पण तीच चित्रे पाहणारी शंभर मुले सरळ मार्गाने जातात आणि दोन-चार वाहवतात. तेव्हा कारण आणखी खोल शोधले पाहिजे.

अमेरिकेतील शिकागो शहरात फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या अभ्यासकाने 1,313 टोळ्यांची पाहणी करून 1927 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला असे दिसून आले की, टोळी ही आरंभी टोळी नसतेच. ती असते एका गल्लीतील खेळगड्यांची जोडी-तिकडी. शेजारच्या गल्लीशी मारामारी होते, पोलीस हाकलतात, वडीलधारी माणसे शिव्या देतात आणि या बाहेरच्या विरोधामुळे त्या मुलांत 'आपण' आणि 'ते' असा भेद घट्ट होतो. त्याने आणखी एक गोष्ट नोंदविली. अशा टोळ्या शहरातील मधल्या पट्ट्यांत उगवतात, म्हणजे जेथे एकीकडे कारखाने व रेल्वे, दुसरीकडे सधन वस्ती आणि मध्ये नव्याने आलेल्या लोकांची दाटी असते. जुन्या गावाचा धाक सुटलेला असतो व नव्या शहराचा आधार मिळालेला नसतो, अशी ती जागा होय.

हे वर्णन वाचताना आपल्या मराठी माणसास गिरणगावाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला, अनेक गिरण्या पुढे कायमच्या बंद पडल्या. टोळ्या त्या भागात संपापूर्वीही होत्या, हे विसरता कामा नये. संपाने त्या निर्माण केल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण संपाने एक फार मोठी गोष्ट मोडली. बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागावयाचा, हा जो ठरलेला रस्ता होता तो बंद झाला. बाप घरी बसला. आई खानावळीचे डबे करू लागली. मुलाने बापाचा पडलेला चेहरा रोज पाहिला. त्याच चाळीत एखादा 'भाई' मोटारीतून उतरताना दिसे. तो सणावाराला वर्गणी देई, कोणाच्या आजारपणात पैसे देई, भांडण मिटवी. ज्या वयात मुलगा 'मी कोणासारखा होऊ?' असे मनाशी विचारतो, त्या वयात त्याच्यापुढे ही दोनच चित्रे राहिली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने अशाच एका कामगार कुटुंबाची परवड रंगभूमीवर आणली. या तरुणांतील पुष्कळजण पुढे 1990 च्या दशकात टोळीयुद्धात किंवा पोलिसांच्या गोळीने मेले. त्यांच्या आया मात्र त्याच खोल्यांतून राहिल्या.

यावरून टोळी मुलाला काय देते ते ध्यानात येईल. पहिली गोष्ट पैसा, पण तो वाटतो तितका नसतो. खालच्या पोराच्या हाती चहापाणी, पेट्रोल व कपडे यांपलीकडे फारसे राहत नाही. दुसरी गोष्ट संरक्षण. ज्याला शाळेच्या वाटेवर दोनदा मार बसला आहे, त्याला पाठीशी दहाजण उभे राहणे म्हणजे काय ते आपण मोठी माणसे समजू शकत नाही. तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मान. घरी 'नापास', वर्गात 'मागच्या बाकावरचा', असे ज्याचे नाव पडले आहे, त्याला तेथे कोणीतरी स्वतंत्र नावाने हाक मारते, त्याची वाट पाहते. हे देण्यास घर चुकले, शाळा चुकली आणि नाका चुकला नाही.

मुलगा एका दिवसात गुन्हेगार होत नाही. आधी निरोप पोचवावयाचा, मग एखादी पिशवी ठेवून घ्यावयाची, मग भांडणात नुसते उभे राहावयाचे. प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा जराशीच वर असते, म्हणून ती चढल्याचे कळत नाही. मोठे लोक मुद्दाम अल्पवयीन मुलांना पुढे करतात. मुलाला शिक्षा सौम्य होते असा त्यांचा हिशेब असतो. येथे पालकांनी कायदा नीट जाणून घ्यावा. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे जो प्रौढ मनुष्य मुलाचा बेकायदा कामासाठी वापर करतो, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालविला जाऊ शकतो. 'लहान आहेस, तुला काही होत नाही' हे भाईचे आश्वासन खोटे आहे, हे मुलाला घरातूनच समजले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. जी तापी भुसावळजवळून वाहते तीच येथे हजीऱ्याशी समुद्राला मिळते, आणि तिच्याच खोऱ्यातून खानदेशची हजारो कुटुंबे सुरतेस आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत ती लूम्सवर व मार्केटमध्ये कामास लागली. कित्येकजण हजीऱ्याच्या पोलाद, वायू व खतांच्या कारखान्यांत आले. ज्यांना कंपनीची वसाहत मिळाली त्यांच्या मुलांना मैदान व वाचनालय मिळाले. जे कंत्राटदाराकडे आहेत व भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. बाप बारा तासांच्या पाळीवर, आईही कामावर, आजी-आजोबा गावी. मूल मराठी शाळेत शिकलेले असते. पुढे माध्यम बदलावे लागले की वर्गात मागे पडते. गावी गेले तर 'सुरतवाला', येथे असले तर 'बाहेरचा'. सायंकाळी पाच ते नऊ हे चार तास त्याला विचारणारे कोणी नसते. थ्रॅशरने ज्याला मधला पट्टा म्हटले, तो असा आपल्या दारातच आहे. आपली बहुतेक मुले याच परिस्थितीतून नेटाने वर येतात, ही समाधानाची गोष्ट. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत.

यात निराश होण्याचे कारण नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात 1988 पासून सुमारे हजार मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. टोळीत शिरल्यावर मुलाचे गुन्हे वाढतात आणि बाहेर पडल्यावर ते उतरतात, असे त्यात दिसले. बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत टोळी सोडतात, हेही आढळले. म्हणजे मुलगा जन्माने वाईट नसतो; आणि त्याने परत यावे म्हणून दार उघडे ठेवणे व्यर्थ नसते. पोलिसांत एकदा नाव आले म्हणून ज्याला नातेवाइकांनी लग्नाकार्यात बोलाविणे सोडले, त्याला जावयास एकच जागा उरते.

मुंबईचेच एक उदाहरण देऊन हा लेख संपवितो. नागपाडा ही दाट व गरीब वस्ती. डोंगरीसारखी बदनाम ठिकाणे तेथून जवळच. तेथे क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी 1920 च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. तेथेच 1936 साली टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, जिची आज मोठी संस्था झाली आहे. आणि त्याच नागपाड्याच्या मैदानांवर बास्केटबॉल असा रुजला की, गल्लीतील पोरे देशाच्या संघापर्यंत गेली. एक मैदान, एक चेंडू आणि रोज सायंकाळी न चुकता येणारा एक वडीलधारा मनुष्य, एवढे त्याचे भांडवल होय.

आपणांस यापेक्षा अधिक काही लागणार नाही. ट्रस्टचे सभागृह सायंकाळी कुलूपबंद असते. ते पाच ते नऊ उघडे राहावे, सभासदांनी आळीपाळीने एकेक संध्याकाळ द्यावी, नववी-दहावीच्या मुलांस गुजराती व गणित शिकवावे, शाळा सुटलेल्यांस आय.टी.आय.ची माहिती देऊन अर्ज भरून द्यावा. ज्यांच्या कारखान्यात उमेदवारीच्या जागा निघतात त्यांनी ती बातमी येथे आणावी. मूल संकटात असल्यास 1098 हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. आणि घरी पालकांनी मुलाला 'कोठे होतास?' असे दरडावण्याआधी 'जेवलास का?' असे विचारावे. नाक्यावरचा भाई तेच विचारतो. म्हणूनच तो जिंकतो.