हर्लिंग : पाच पायऱ्यांची उतरंड

• आयर्लंडचा खेळ. प्रत्येक संघात 15 खेळाडू. हाती ॲश लाकडाची, टोकाला चपटी काठी, ‘हर्ली’. गोलखांबांमधील आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. वरून गेला तर 1.

• खेळाची नियामक संस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन : स्थापना 1884, थर्ल्स.

• सर्वाधिक अखिल आयर्लंड विजेतेपदे : किल्केनी काउंटी, 36. बऱ्याच काउंट्यांची पाटी कोरीच. तिथे गेलिक फुटबॉलचा जोर.

• म्हणून काउंटी संघांच्या पाच पायऱ्या. त्यांचे करंडक, वरून खाली : लियाम मॅकार्थी, जो मॅकडोना (2018 पासून), क्रिस्टी रिंग व निकी रॅकार्ड (2005), लोरी मेगर (2009).

• चढउताराचा नमुना, ऑफली काउंटी : पहिले अखिल आयर्लंड विजेतेपद 1981, मग 1985, 1994, 1998. 2019 मध्ये तिसऱ्या पायरीवर घसरण. 2021 मध्ये क्रिस्टी रिंग आणि 2024 मध्ये जो मॅकडोना करंडक जिंकून पुन्हा अव्वल गटात.