गुलाबी नगरीची पाण्याची शिल्लक

जयपूरहून आमेरकडे निघाले की वाटेत मानसागर तलाव लागतो. तलावाच्या मध्यभागी उभा असलेला जलमहाल पाहण्यासाठी पर्यटकांच्या गाड्या थांबतात, छायाचित्रे काढली जातात आणि मंडळी पुढे किल्ल्याकडे मार्गस्थ होतात. आपण टिपलेल्या त्या निळसर पाण्यात शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असते. एकेकाळी येथे नाल्यांचे मैले पाणी थेट येत असे व दुर्गंधीमुळे काठावर उभे राहणे कठीण होई. या शतकाच्या पहिल्या दशकात तलावाचे पुनरुज्जीवन झाले. प्रक्रिया केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या कृत्रिम पाणथळीतून फिरवून तलावात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. पाणी टिकले तसे हिवाळी पाहुणे पक्षीही परतले.

सांडपाण्यालाही मोल द्यावे, अशी वेळ या शहरावर का आली? उत्तर जवळच, तीसएक किलोमीटरवर सापडते. बाणगंगा नदीवरील रामगढ बंधारा महाराजा माधोसिंह (द्वितीय) यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. पुढे अनेक दशके जयपूरची तहान त्याने भागवली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयावर झाल्या होत्या! आज तेथे नाव चालविण्याची कल्पनाही करवत नाही. पाणलोट क्षेत्रातील अतिक्रमणे, ओढ्यांवर जागोजागी घातलेले बांध, बुजलेले प्रवाह अशा अनेक कारणांनी जलाशय कोरडा पडला. उच्च न्यायालयाला या प्रकरणात लक्ष घालावे लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथे ड्रोनच्या साहाय्याने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोगही झाला. तो पाहण्यास गर्दी लोटली. जलाशय मात्र त्याने भरला नाही.

रामगढने हात टेकल्यावर शहराने टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाकडे धाव घेतली. शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरचे ते पाणी २००९ पासून जयपूरला मिळू लागले. तोपर्यंतचा भार विंधन विहिरींवर पडला होता आणि बराचसा अजूनही आहे. राजस्थानात दरवर्षी जमिनीत जितके पाणी मुरते त्याच्या सुमारे दीडपट उपसले जाते. बँकेच्या वाचकांना याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको. व्याज केव्हाच संपले असून मुद्दल काढून खाणे चालू आहे, आणि या खात्यावर अधिकर्षाची सवलत नाही.

वास्तविक, १७२७ मध्ये जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहांच्या काळातील माणसांना पावसाचा हिशेब उत्तम अवगत होता. नाहरगढ आणि जयगढ हे दोन्ही किल्ले डोंगरमाथ्यावर आहेत. तेथे नदी नाही, झरा नाही. म्हणून साऱ्या डोंगरउतारालाच पन्हळीचे रूप देण्यात आले. उतारावरचे पाणी लहान दगडी चरांतून वळवीत आणायचे, वाटेतल्या खड्ड्यांत गाळ बसू द्यायचा आणि नितळ पाणी टाक्यांत व बारवांत साठवायचे, अशी ही रीत. जयगढावरील सर्वांत मोठ्या टाक्याची क्षमता साठ लाख गॅलन सांगितली जाते. आणीबाणीच्या काळात या किल्ल्यावर गुप्त खजिन्यासाठी मोठे खोदकाम झाले होते. खजिना हाती लागला नाही. टाकी मात्र साऱ्यांच्या डोळ्यांसमोर उघडीच होती.

जुन्या वास्तूंचे कौतुक करणे सोपे. आजच्या काळात ते शहाणपण चालते काय, हे पाहायचे तर जयपूरच्या नैर्ऋत्येस दुदू भागातील लापोडिया गावी जावे. १९७७ च्या सुमारास गावचा फुटका तलाव दुरुस्त करायला लक्ष्मणसिंह हा तरुण पुढे सरसावला. आरंभी सोबत करणारे थोडेच होते. हळूहळू गाव जमले. तलाव सावरले आणि गावाने त्यांना नावेही दिली: देवसागर, फूलसागर, अन्नसागर. पण लापोडियाचे खरे वैशिष्ट्य तलावांत नाही, ते गायरानात आहे. गायरानावर पाणी अडवावे तर खोल पाण्यात गवत कुजते. न अडवावे तर ते वाहून जाते. यावर प्रयोग करता करता ‘चौका’ पद्धत सिद्ध झाली. उताराच्या जमिनीवर तीन बाजूंनी मातीचे बुटके बांध घालून चौकोन आखायचे. त्यात सुमारे नऊ इंच पाणी साचते; जास्तीचे पाणी बांधाला वळसा घालून पुढच्या चौक्यात उतरते, तेथून पुढच्या. पाणी थांबत थांबत चालते, मुरते आणि उरलेले तलावात पोहोचते. गवत वाढले, जनावरे पोसली गेली, दूधविक्रीतून घरात पैसा आला. अवर्षणाच्या वर्षी शेती हुलकावणी देते तेव्हा हाच दुधाचा पैसा कुटुंबाला तारून नेतो. लक्ष्मणसिंहांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

येथे एक अवघड प्रश्न मात्र टाळता येत नाही. वरच्या गावाने ओढा अडविला की खालच्या धरणाचे काय? रामगढच्या ऱ्हासाची चर्चा नेमकी या प्रश्नाशी येऊन थांबते. आमच्या मते मुरविलेले पाणी आणि नुसते अडवून उपसलेले पाणी यांत फरक केला पाहिजे. पहिले पाणी विहिरींच्या रूपाने खालच्या शिवारालाही थोडेफार पोहोचते. दुसरे ज्याच्या बांधावर पंप बसतो त्याचे होते.

महाराष्ट्राने ही कथा परकी समजू नये. जयपूरचा पाऊस वर्षाला साधारण साठ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगरच्या पंगतीतलाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या ‘जलदूत’ गाडीच्या टाक्या राजस्थानातील कोट्याहून स्वच्छ होऊन आल्या होत्या. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले.

आता एका गच्चीचा हिशेब मांडू. शंभर चौरस मीटर गच्चीवर साठ सेंटिमीटर पाऊस म्हणजे साठ हजार लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी अठ्ठेचाळीस हजार उरतात. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला हे पाणी अडीच वर्षांहून अधिक पुरावे. एवढे मोठे टाके बांधणे सर्वांना परवडणार नाही. पण दहा हजार लिटरचे टाके उन्हाळ्याचे सहा महिने निभावते आणि उरलेले पाणी आडात किंवा विंधन विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाहेर जाऊ द्यावे. पन्हळीच्या तोंडाशी जाळी आणि त्यानंतर वाळू-खडीची गाळणी असावी. थरच्या वाळवंटात पावसाळ्यापूर्वी टाक्याभोवतीचे अंगण झाडून घेतात आणि त्यावर जनावरे वा चपला येऊ देत नाहीत. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस गच्ची झाडून घ्यावी लागेल; त्याला खर्च नाही.