कापूर उडतो, मीठ कां उडत नाहीं?

देवघरांतील कापराची डबी चार दिवस उघडी राहिली, तर आंतील वड्या झिजून लहान होतात. स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी मात्र वर्षभर उघडी राहिली, तरी मीठ फार तर ओलसर होईल. हवेंत उडून जाणार नाहीं. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही घन, दोन्ही स्फटिकरूप. मग एकाचा स्वभाव इतका चंचल आणि दुसऱ्याचा इतका स्थिर कां? हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाहीं. घरांतील तान्ह्या मुलाच्या जिवाशीं त्याचा संबंध कसा पोंचतो, तें वाचकांस पुढें दिसेलच.

कापरांत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या सत्तावीस परमाणूंचें एकेक कुटुंब असतें. त्यास रेणु म्हणतात. कुटुंबांतील मंडळी एकमेकांस घट्ट धरून असतात. परंतु शेजारच्या कुटुंबाशीं त्यांचा संबंध केवळ आळींतल्या ओळखीपुरता. म्हणून कडेचें एखादें कुटुंब थोड्याशा उष्णतेनेंही बिऱ्हाड उचलतें व हवेंत निघून जातें. कुटुंब मोडत नाहीं. आळी तेवढी सुटते. कापूर टिकवावयाचा तर डबीचें झांकण घट्ट हवें, तें याचसाठीं.

मिठांत अशीं निराळीं बिऱ्हाडें नसतातच. तेथें सोडियमचे धनभारित व क्लोरिनचे ऋणभारित कण एकाआड एक मांडलेले असून प्रत्येकास विरुद्ध भाराचे सहा शेजारी असतात. सबंध खडा हेंच एक एकत्र कुटुंब! ही रचना विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनीं १९१३ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडली आणि १९१५ सालीं दोघांस मिळून नोबेल पारितोषिक लाभलें. अशा कुटुंबांतून कोणासही सहज बाहेर पडतां येत नाहीं. म्हणून मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस उष्णतामान लागतें.

आतां कापरांतील ती ‘आळींतली ओळख’ म्हणजे काय? रेणूंमध्यें परस्पर आकर्षण असतें हें गणितानें मांडणारे योहानेस व्हान डर वाल्स हे हॉलंडमधील गृहस्थ प्रथम शाळामास्तर होते. लॅटिन व ग्रीक यांचें शिक्षण न झाल्यामुळें विद्यापीठाच्या परीक्षा त्यांस बंद होत्या. पुढें तो नियम सैल झाला आणि १८७३ सालीं त्यांनीं लायडेन येथें आपला प्रबंध सादर केला. १९१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या आकर्षणाचें एक मुख्य कारण फ्रिट्झ लंडन यांनीं १९३० सालीं स्पष्ट केलें. रेणूंतील ऋणविद्युत्कण सतत हलते असतात. क्षणभर ते एका बाजूस अधिक झाले, कीं ती बाजू ऋण व दुसरी धन होते. शेजारच्या रेणूंतही तदनुरूप पालट घडतो आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. ही ओढ क्षणोक्षणीं नवी होणारी, पण दुबळी.

कपड्यांच्या पेटींत आपण डांबराच्या गोळ्या टाकतों, त्यांतील नॅफ्थलीन याच दुबळ्या ओढीनें बांधलेलें असतें. त्याच्या स्फटिकाची रचना केदारेश्वर बॅनर्जी या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९३० च्या सुमारास कलकत्त्यास शोधली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. नॅफ्थलीन अवघ्या ८० अंशांवर वितळतें आणि त्यापूर्वींच, साध्या हवेंतही, घनरूपांतून थेट वायुरूप होतें. गोळी कसर मारते ती या वाफेनेंच. पण तीच वाफ कपड्यांतही मुरते.

पुष्कळ घरांतून बाळंतविड्याचीं झबलीं, कुंच्या व दुपटीं पुढच्या बाळासाठीं पेटींत जपून ठेवण्याची चाल आहे. तेथें या गोळ्या घालूं नयेत. कांहीं मुलांच्या रक्तांत ‘जी-सिक्स-पीडी’ नांवाचें विकर जन्मतःच कमी असतें. अशा अर्भकास नॅफ्थलीन बाधलें, तर तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होते व प्रसंगीं मेंदूस अपाय होतो. शिवाय नॅफ्थलीन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, तेलांत मात्र सहज विरघळतें. पाण्याच्या रेणूंची आपसांतील ओढ अधिक बळकट, ते या पाहुण्यास आंत घेत नाहींत. तेलाची व याची ओढ एकाच जातीची. म्हणून तेल चोळलेल्या बाळाच्या अंगावर असें वस्त्र चढविणें अधिकच घातक. नुसतें पाण्यांतून काढल्यानें हा दोष जाईल असेंही समजूं नये. बाळाचे कपडे धुऊन, कडकडीत उन्हांत वाळवून, गोळ्यांवांचून घट्ट डब्यांत ठेवावे.

पांढऱ्या गोळ्या व कापराच्या वड्या मुलांस गोड खाऊ वाटतात. कापूर थोडासा पोटांत गेला तरी लहान मुलास झटके येऊं शकतात. यांपैकीं कांहींही गिळल्याचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें, आणि डबी उंच फळीवर ठेवावी.