‘अब्दुल’ हे अर्धंच नाव आहे!

बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी हा भाग लिहूनही देतोय. आजचं नाव आहे अब्दुर्रहमान.

तुमच्या वर्गात किंवा ऑफिसात कुणी अब्दुल रहमान असेल, तर हाक कशी मारता? ‘ए अब्दुल!’ बरोबर? आता ‘रामदास’मधला राम काढला, तर उरतं ‘चा दास’. कुणाचा, ते राहूनच गेलं! ‘अब्दुल’चं नेमकं तेच होतं.

फोड करून बघू. ‘अब्द’ म्हणजे दास. उपासनेला ‘इबादत’ म्हणतात, तो शब्दही याच धातूतला. मधला ‘उ’ ही विभक्ती आणि ‘अल’ हे इंग्रजी ‘द’सारखं उपपद. ‘रहमान’ म्हणजे परमदयाळू, अल्लाहचं एक नाव. ‘जरा रहम कर’मधला रहम आणि दिवंगतांसाठीचा ‘मरहूम’, दोघे याच कुटुंबातले. अरबीत गर्भाशयाचा शब्दही इथलाच. म्हणजे दयेचं आणि आईच्या उदराचं मूळ एकच!

मग ‘अल’मधला ‘ल’ गेला कुठे? आपल्याकडे जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतं ना, तसंच. अरबीच्या २८ पैकी १४ अक्षरांपुढे हा ‘ल’ त्या अक्षराचंच रूप घेतो. लिहितात अल-रहमान, म्हणतात अर्रहमान. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले अब्दुस सलाम, त्यांच्या नावातला ‘स’ही असाच आला.

ही नावाची पद्धत इस्लामच्याही आधीची. तेव्हा ‘अब्द शम्स’, म्हणजे सूर्याचा दास, असंही नाव असे. पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह होतं. अरब ख्रिश्चनांत अब्दुल मसीह सापडतो. पण हदीसमध्ये अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावं म्हटली आहेत, म्हणून ती जगभर पसरली. ७५६ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोब्यात अमिरात स्थापणाराही अब्दुर्रहमानच.

खरी पंचाईत होते फॉर्म भरताना. ‘पहिलं नाव’च्या रकान्यात अब्दुल, ‘आडनाव’च्या रकान्यात रहमान. एका कागदावर अब्दुल, दुसऱ्यावर अब्दुर, तिसऱ्यावर सगळं जोडून. माणूस एकच, पण कागद जुळत नाहीत. आपले १९८० ते १९८२ मधले मुख्यमंत्री ए. आर. अंतुले आठवा. त्यातले ‘ए’ आणि ‘आर’ म्हणजे अब्दुल आणि रहमान, एकाच नावाचे दोन तुकडे.

बरं, नुसतं ‘रहमान’ म्हणावं, तर अनेक श्रद्धाळूंना तेही खटकतं. ते नाव देवाचं, माणूस फक्त त्याचा दास.

मग करायचं काय? सोप्पंय, विचारायचं: “तुला काय म्हणू?” काहींना ‘अब्दुल’च आवडतं, काहींना पूर्ण नाव हवं असतं. ज्याचं नाव, त्याचा शब्द शेवटचा.

पुढच्या भागात कुठलं नाव घेऊ, ते कळवा. भेटूच!